एक चाल, अनेक घरं

मुलगी सासरी गेली की तिच्याबरोबर माहेरचं गाणंही जातं, आणि तिथं त्याची चाल थोडी बदलते. मग जावाजावांत वाद होतो, ‘खरी चाल आमचीच!’ आज आम्ही अमेरिकेतल्या अशाच एका चालीची गोष्ट सांगणार आहोत.

तिचं नाव ‘बोनापार्ट्स रिट्रीट’, म्हणजे बोनापार्टची माघार. ती फिडलवर, म्हणजे व्हायोलिनवरच वाजवतात. त्यासाठी खर्जाची तार आणखी उतरवून घेतात, आणि ती चालीखाली तंबोऱ्यासारखी घुमत राहते. खेड्यांतले वादक ही चाल एकमेकांकडून ऐकून शिकत. त्यामुळे कुणाकडे ती सैन्याच्या कूचासारखी संथ झाली, कुणाकडे नाचाची. १९२४ साली जॉर्जियाच्या ए. ए. ग्रे यांनी ती तबकडीवर वाजवली.

केंटकीचे विल्यम स्टेप मात्र ती भरधाव वाजवत. १९३७ साली अ‍ॅलन आणि एलिझाबेथ लोमॅक्स हे जोडपं सॅलिअर्सव्हिल गावी गेलं आणि त्यांनी स्टेप यांचं वादन काँग्रेस ग्रंथालयासाठी मुद्रित केलं. पुढचं काम एका बाईनं केलं. रूथ क्रॉफर्ड सीगर स्वतः मोठ्या संगीतकार होत्या. घरात लहान मुलं असताना, तबकड्या पुन्हा पुन्हा ऐकून त्यांनी स्टेप यांचा स्वर न् स्वर कागदावर उतरवला. १९४१ साली तो लोमॅक्स यांच्या पुस्तकात छापून आला.

पुढच्याच वर्षी अ‍ॅग्नेस डी मिल यांच्या ‘रोडिओ’ या नृत्यनाट्यासाठी संगीतकार एरन कोपलंड यांनी ती चाल घेतली. तिचं ‘हो-डाउन’ झालं आणि ते जगभर गेलं, कोपलंड यांच्या नावानं. पुस्तकात स्टेप यांचं नाव होतं. ते मागंच राहिलं. एका माणसाची चाल सगळ्यांना पाठ झाली, आणि बाकीच्या घरांतल्या संथ चाली तेवढ्या सर्वदूर पोचल्या नाहीत.

म्हणून आम्हाला वाटतं, खरी चाल कोणती, हा वाद नकोच. जी लिहिली गेली ती टिकली, एवढंच. तुमच्या आजीचं, सासूबाईंचं गाणं मोबाइलवर नक्की मुद्रित करा. आणि ते कुणाकडून शिकलात, हेही त्यांच्याच तोंडून वदवून घ्या. चालीबरोबर नावही जपायला हवं.