मार्कंडा : एका ‘दुर्गम’ देवस्थानाचा निसर्ग आणि इतिहास

(१)
वैनगंगेच्या काठी, गडचिरोली जिल्ह्याच्या चामोर्शी तालुक्यात, मार्कंडा नावाचे लहानसे गाव आहे. गावाच्या कडेला एका कोटाच्या आत जुन्या दगडी मंदिरांचा समूह उभा आहे. कोणी त्याला ‘विदर्भाची काशी’ म्हणतो, कोणी ‘विदर्भाचे खजुराहो’. दोन्ही नावे गौरवाची असली, तरी दोन्ही दुसऱ्या गावांची आहेत. आजचा धागा मार्कंड्याच्या स्वतःच्या कहाणीचा.

(२)
या स्थळाविषयी बोलताना ‘दुर्गम’ हा शब्द हमखास येतो. जणू हे गाव पहिल्यापासून जगापासून तुटलेले होते! पण निबिड अरण्यात, वाटसरूही फिरकत नाही अशा जागी, इतका खर्चिक मंदिरसमूह कोण कशाला उभारील? हा प्रश्न मनात धरून पुढे जाऊ.

(३)
आरंभ नदीपासून करावा लागतो. वैनगंगा मध्य प्रदेशातील सिवनी जिल्ह्यात उगम पावते. बालाघाट, भंडारा ओलांडून चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या सीमेवरून दक्षिणेकडे वाहते. पुढे वर्धा नदी तिला मिळते, दोघींची प्राणहिता होते आणि प्राणहिता सिरोंच्यापाशी गोदावरीत विलीन होते.

(४)
दक्षिणेची वाट धरलेली ही नदी मार्कंड्यापाशी मात्र वळण घेऊन काही अंतर उत्तरेकडे वाहते. उत्तरवाहिनी नदी आपल्याकडे विशेष पवित्र मानली जाते. काशीची गंगाही तशीच. म्हणजे या तीर्थाची जागा प्रथम नदीने ठरवली. माणसाने तिचा अर्थ लावला, आणि मग दगड आला.

(५)
भूमीही वेगळी आहे. महाराष्ट्राचा बहुतांश भाग लाव्हाच्या काळ्या खडकाचा, बेसाल्टचा आहे. पूर्व विदर्भात ते आवरण संपते आणि त्याहून कितीतरी प्राचीन खडक उघडे पडतात. चंद्रपूरचा कोळसा, सुरजागडचे लोहखनिज, सिरोंचा परिसरातील डायनासोरचे जीवाश्म, ही सारी त्या जुन्या भूमीची संपत्ती. वैरागडच्या हिऱ्यांच्या खाणीचा उल्लेख तर अबुल फजलच्या ‘आईन-ए-अकबरी’त आहे.

(६)
ज्या प्रदेशातील खाणीची वार्ता आग्र्याच्या दरबारापर्यंत पोहोचत होती, तो प्रदेश जगाला अज्ञात कसा म्हणावा? वैनगंगेचे खोरे म्हणजे नुसते जंगलही नव्हते. नदीकाठाने धानाची शेते होती, गावोगाव तलाव होते, पात्रात ढिवरांचे डोंगे होते. मोठी मंदिरे अशाच भरल्या खोऱ्यात उभी राहतात. त्यांना पाथरवट लागतात, पाथरवटांना धान्य लागते, आणि धान्यामागे शेतकरी असतो.

(७)
मंदिरे कोणी बांधली? लोकांचे उत्तर तयार आहे : हेमाडपंताने. विदर्भात जुने दगडी देऊळ दिसले की ते हेमाडपंती ठरते. परंतु हेमाद्री हा देवगिरीच्या यादवांचा मंत्री, तेराव्या शतकातला. मार्कंड्याच्या मुख्य मंदिरांची शैली त्याच्या आधीची आहे. अलेक्झांडर कनिंगहॅमने ती दहाव्या-अकराव्या शतकांतील मानली. हेमाडपंत हे येथे व्यक्तीचे नाव राहत नाही. ‘फार पूर्वी’ या शब्दांचा तो लोकभाषेतील पर्याय होतो.

(८)
कनिंगहॅम हा भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचा पहिला प्रमुख. १८७३-७४ आणि १८७४-७५ मधील मध्य प्रांताच्या दौऱ्यांत त्याने मार्कंडा पाहिले आणि आपल्या अहवालांच्या नवव्या खंडात त्याचे वर्णन केले. आयताकार कोटात लहानमोठी वीसहून अधिक देवळे त्याला आढळली. त्यांच्या शिल्पांची तुलना त्याने खजुराहोशी केली. आज सर्रास चालणारी उपमा तेथूनच रूढ झाली.

(९)
उपमा अगदीच वावगी नाही. मार्कंडेश्वराच्या बाह्यभिंतींवर देवदेवता, सुरसुंदरी, युगुले आणि प्राणी यांच्या ओळींवर ओळी आहेत. पण येथील देवकुळाचा गाभा वेगळा आहे : मार्कंडेयाची कथा. अल्पायुषी बालक, त्याला न्यायला आलेला यम, आणि शिवलिंगाला मिठी मारून बसलेला तो भक्त. कोटात मार्कंडेश्वर आहे, मार्कंडेयाचा पिता मृकंड ऋषी याच्या नावाचे मंदिर आहे आणि यमधर्माचेही आहे. जेथे मृत्यू हरला, तेथे हरलेल्यालाही देऊळ मिळाले!

(१०)
त्या कथेत शिवाने यमाला परतवले. इतिहासात मात्र मंदिराला आपल्या यमाशी एकट्यानेच झुंजावे लागले. कनिंगहॅम येण्याच्या बऱ्याच आधी मुख्य मंदिराच्या शिखरावर वीज कोसळली. शिखराचा माथा ढासळला आणि त्याचे दगड महामंडपाच्या छतावर येऊन ते छतही फुटले.

(११)
हे कसे घडते ते समजून घेण्यासारखे आहे. अशा मंदिरांत दगडावर दगड रचलेला असतो. तोल आणि वजन हाच त्यांचा सांधा. वरचे वजन नाहीसे झाले की खालचे थर सैल होतात. फटींतून पाऊस आत शिरतो, पक्ष्यांनी टाकलेल्या बीजातून पिंपळ रुजतो, आणि त्याची मुळे दरवर्षी थोडी थोडी पाचर मारत राहतात. वीज क्षणात चमकून जाते. उरलेले काम पाणी आणि मुळे शतकभर करतात.

(१२)
या पडझडीनंतर एका गोंड राजाने मंदिर सावरले, असे परंपरा सांगते. मंडपात घातलेले जाडजूड, साधे आधार त्या डागडुजीची साक्ष देतात. कोरीव स्तंभांशेजारी ते ओबडधोबड वाटतात, आणि कलासमीक्षक नाके मुरडतात. पण छत उरले असेल, तर ते या ओबडधोबड हातांमुळे. ज्याला मूळ शिल्प घडवता येत नव्हते, त्यानेही ते पडू दिले नाही.

(१३)
चांद्याच्या गोंड राजांचे मोठे काम याच खोऱ्यात आहे. रान तोडून शेती करणाऱ्याला, तलाव बांधणाऱ्याला जमीन देण्याचे धोरण त्यांनी राबवले. पूर्व विदर्भातील कोहळी समाजाने बांधलेले तलाव आजही धानाला पाणी देतात. आपण त्यांना ‘मामा तलाव’, म्हणजे माजी मालगुजारी तलाव म्हणतो.

(१४)
मग दुर्गमता आली कोठून? १७५१ मध्ये चांद्याचे राज्य नागपूरकर भोसल्यांकडे गेले. मे १८१८ मध्ये इंग्रजांनी चांद्याचा किल्ला घेतला. १८५४ मध्ये नागपूरचे राज्यच खालसा झाले. ज्यांचे हात या देवळांना टेकू देत होते, ते राजघराणे सत्तेवरून दूर झाले. १८५८ मध्ये याच मुलखातील बाबुराव शेडमाके यांना चांद्याला फाशी दिले गेले.

(१५)
पुढे रेल्वे आली, पण ती कोळसा आणि कापूस यांच्या मागे धावली. वैनगंगेच्या पूर्वेकडील मुलूख सागवानाचा राखीव साठा ठरला. १९८२ मध्ये गडचिरोली जिल्हा स्वतंत्र झाला, तेव्हा त्याच्या वाट्याला रेल्वेस्थानक एकच होते : देसाईगंज-वडसा. नदी पूर्वी जोडत होती. आता तीच ओलांडण्याचा अडथळा झाली. मार्कंडा दूर गेले नाही, रस्ते त्याच्यापासून दूर गेले.

(१६)
या एकाकीपणाचा एक लाभही झाला. मोठ्या शहरांजवळच्या जुन्या देवळांचे दगड घरांना आणि पुलांना लागले, त्यांवर चुना चढला, रंग फासला गेला. मार्कंड्याचे पुष्कळसे दगड जेथे पडले तेथेच राहिले. तोटा असा की ते उचलून पुन्हा चढवायलाही फारसे कोणी आले नाही.

(१७)
अलीकडच्या काळात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने मुख्य मंदिराचे सैल झालेले थर उतरवून फेररचना हाती घेतली. ही पद्धत अशी : प्रत्येक दगडावर क्रमांक घालायचा, नोंद करायची, पाया व गाभा पक्का करायचा आणि दगड मूळ जागी बसवायचा. काम बरीच वर्षे रेंगाळले. क्रमांक पुसण्यापूर्वी दगड आपल्या जागी जाणे, ही येथील खरी शर्यत आहे.

(१८)
नदीही आता पूर्वीची नाही. १९८८ मध्ये पायाभरणी झालेल्या गोसेखुर्द धरणाने तिचा प्रवाह बांधला. उन्हाळ्यात पात्रात वाळूच वाळू दिसते, तर ऑगस्ट २०२० च्या अखेरीसारखा महापूर आला की भंडाऱ्यापासून गडचिरोलीपर्यंतचा काठ पाण्याखाली जातो. ज्या वळणाने मार्कंड्याला तीर्थ केले, त्याच वळणावर पुराचा मारही बसतो.

(१९)
आणि तरीही महाशिवरात्रीला येथे मोठी यात्रा भरते. गावोगावचे लोक येतात, उत्तरवाहिनीत स्नान करतात, नदीकाठी मुक्काम करतात. चंद्रपूरहून, गडचिरोलीहूनच नव्हे, तेलंगणातूनही माणसे येतात. त्या दिवसांत कोणाला विचारून पाहावे, मार्कंडा दुर्गम आहे का? त्यांच्या नकाशावर ते मध्यभागी असते.

(२०)
दुर्गम ही भूगोलाने दिलेली अवस्था नसते. कोणाच्या राजधानीतून मोजले यावर ती ठरते. मार्कंड्याची जागा नदीने निवडली, शिल्प अनामिक पाथरवटांनी दिले, टेकू गोंडांनी दिला आणि श्वास यात्रेकरूंनी दिला. आपल्या पिढीच्या वाट्याला एवढेच काम उरले आहे : उतरवलेले दगड पुन्हा वर चढवण्याचे.