आडनांव आणि गांव : पूर्वजांच्या शोधाविषयीं थोडेसें

नाताळच्या सुमारास आमच्या ठाण्याच्या धर्मग्रामाच्या कचेरीपुढें अलीकडे एक निराळीच मंडळी दिसूं लागली आहे. कोणी टोरोंटोहून आलेला असतो, कोणी लंडनहून, कोणी ऑस्ट्रेलियांतून. हातांत आजोबांच्या बाप्तिस्म्याचा जीर्ण दाखला असतो आणि तोंडीं प्रश्न असतो, "आमचे मूळ पुरुष कोण, व ते पोर्तुगालच्या कोणत्या गांवाहून आले?" प्रश्नाच्या पहिल्या अर्ध्या भागास उत्तर मिळण्याजोगें आहे. दुसरा अर्धा भाग, आमच्या मतें, बहुतेक घरांच्या बाबतींत मुळांतच भलत्या दिशेस तोंड करून विचारलेला असतो. तो तसा कां, हें सांगण्यासाठीं या स्मरणिकेचीं चार पानें आम्ही अडवीत आहों.

देवळापासून मासुंदा तलावाच्या बाजूनें टेंभी नाक्याकडे गेलें कीं यहुदी बांधवांचें प्रार्थनामंदिर लागतें. 'शआर हशामाईम', म्हणजे स्वर्गाचें द्वार, हें त्याचें नांव, व तें सन १८७९ चें आहे. बेने इस्राएल हा मराठी बोलणारा समाज आपणांस परका नाहीं. सन १९४८ नंतर त्यांतील पुष्कळ कुटुंबें इस्राएल देशीं गेलीं. त्यांचीं नातवंडें आज मूळ ठिकाण पाहावयास येतात, तेव्हां त्यांचें काम किती सुकर असतें पाहा! पेणकरानें पेणेस जावें, रोहेकरानें रोह्यास, केहीमकरानें किहिमास. अलिबागेजवळील नवगांवीं पूर्वजांचें गलबत फुटून ते किनाऱ्यास लागले अशी त्यांची परंपरा आहे. तेथें त्यांचें स्मारकही आहे. आडनांवच वाटाड्या होऊन पुढें चालतें.

आपलें तसें नाहीं. परेरा म्हणजे पोर्तुगीज भाषेंत नासपतीचें झाड, सिल्वा म्हणजे रान, फर्नांडिस म्हणजे फर्नांडोचा पुत्र, रॉड्रिग्ज म्हणजे रॉड्रिगोचा. साष्टीच्या खाजणांत नासपती कोणी लाविल्याचें ऐकिवांत नाहीं! सन १५३४ च्या तहान्वयें गुजराथचा सुलतान बहादूरशहा यानें वसई व साष्टी पोर्तुगीजांस दिली. त्यामागून फ्रान्सिस्कन व येशूसंघीय धर्मगुरु या भागांत आले, आणि येथील कोळी, कुणबी, भंडारी इत्यादि जातींचीं कुटुंबें ख्रिस्ती झालीं. बाप्तिस्म्याच्या वेळीं नवें नांव मिळे आणि त्याजबरोबर बहुधा धर्मपित्याचें, कधीं धर्मगुरूचें, आडनांवही मिळे. धर्मपिता एखादा शिपाई असे, एखादा अंमलदार असे. एकाच घरचे दोन भाऊ निरनिराळ्या प्रसंगीं बाप्तिस्मा घेते तर त्यांचीं आडनांवें दोन होत. उलट चरईचा डिसोजा आणि उथळसरचा डिसोजा यांचें रक्ताचें नातें असेलच असें नाहीं. तात्पर्य, आडनांव हें पुष्कळदां बापाचें नसून साक्षीदाराचें आहे. मिश्र विवाह झालेच नाहींत असें मात्र आम्ही म्हणत नाहीं. सन १५९७ त नागासाकी येथें क्रुसावर प्राण अर्पण करणारे वसईचे संत गोन्सालो गार्सिया यांचे पिता पोर्तुगीज होते व माता वसईची होती. पण एका संताच्या घरावरून सगळ्या साष्टीची वंशावळ रचतां येत नाहीं.

ह्या भ्रमास आणखी एक कारण झालें, तें इंग्रजी अमदानींतलें. इंग्रजांनीं ठाण्याचा किल्ला डिसेंबर १७७४ त जिंकला. तोच आजचें कारागृह. त्यांच्या दप्तरांत आपल्या लोकांचा उल्लेख 'पोर्तुगीज ख्रिस्ती' असा होऊं लागला. त्यांतील 'पोर्तुगीज' हा शब्द धर्मसंबंध दाखविणारा होता, रक्त दाखविणारा नव्हे. पुढें नोकरीच्या निमित्तानें मुंबईंत गोवेकर बंधु येऊं लागले, त्यांनाही हेंच नांव लागे. तेव्हां येथील मूळ रहिवाशांनीं सन १८८७ त, व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवाच्या वर्षीं, 'ईस्ट इंडियन' हें नांव धारण केलें. आजचा संशोधक १८८७ च्या पूर्वींचा एखादा इंग्रजी कागद उघडतो, त्यांत पणजोबांपुढें 'पोर्तुगीज' असें वाचतो, आणि लगेच लिस्बनला पत्रें धाडूं लागतो!

दुसऱ्या टोकाचाही एक मोह आहे. एप्रिल १३२१ त ठाण्यांत तोलेंतिनोचे थॉमस आदिकरून चार फ्रान्सिस्कनांनीं हौतात्म्य पत्करिलें. पोर्देनोनेचे ओदोरिक यांनीं त्यांच्या अस्थि पुढें चीन देशापर्यंत नेल्या. त्या काळीं ठाण्यांत थोडीं नेस्टोरियन ख्रिस्ती घरेंही होतीं. ठाण्याच्या भूमीचें हें भाग्य थोर खरें. परंतु त्या घरांपासून आपल्या घरापर्यंत एकही कडी सांपडत नाहीं, आणि कडी नसतां सांखळी जोडणें हें इतिहासाचें काम नव्हे.

आयर्लंड देशाची गोष्ट येथें उपयोगी पडेल. इंग्रजी राज्यांत तेथील कारकुनांनीं गेलिक नांवें इंग्रजी धाटणींत लिहिलीं. नातवाचा वाचक 'ओ' व पुत्राचा वाचक 'मॅक' हे कित्येक घराण्यांतून गळाले. सन १८४५ पासून पडलेल्या बटाट्याच्या दुष्काळांत सुमारें दहा लक्ष माणसें मेलीं आणि तितकींच किंवा अधिक परदेशीं गेलीं. त्यांचे वंशज आज अमेरिकेंतून आपलें घर धुंडीत येतात. जून १९२२ च्या यादवींत डब्लिनचें सरकारी दप्तरखाना जळाला. सन १८२१ ते १८५१ च्या खानेसुमारीचे बहुतेक कागद व प्रॉटेस्टंट देवळांच्या शेंकडों वह्या त्यांत भस्म झाल्या. कॅथलिक देवळांच्या वह्या मात्र सरकारांत कधीं जमाच झालेल्या नव्हत्या. त्या ज्या त्या देवळांत पडून होत्या, म्हणून वांचल्या. त्यांच्या प्रतिमा तेथील राष्ट्रीय ग्रंथालयानें जुलै २०१५ त सर्वांस विनामूल्य खुल्या केल्या. तरीही तेथील जाणता मनुष्य पाहुण्यास आडनांव विचारीत नाहीं. तो वाडी विचारतो. साठ हजारांहून अधिक लहान लहान वाड्यांत तो देश विभागलेला आहे, आणि वाडी ठाऊक नसली तर मर्फींच्या समुद्रांत आपला मर्फी कसा शोधावा?

दोन्ही देशांचा मेळ एका गृहस्थाच्या ठायीं पडला आहे. श्री. लिओ वराडकर हे आयर्लंडचे पंतप्रधान असतां डिसेंबर २०१९ त मालवण तालुक्यांतील वराड या आपल्या वडिलांच्या मूळ गांवीं सहकुटुंब येऊन गेले. मातोश्री वॉटरफर्ड परगण्यांतील डंगारव्हनच्या, पिता वराडचे. त्यांचें आडनांव वराडचा पत्ता पाठीवर घेऊनच डब्लिनास गेलेलें होतें. आपल्या मुलांच्या पाठीवर असा पत्ता नाहीं, म्हणून तो आपण त्यांस तोंडानें सांगितला पाहिजे.

मग शोध कोठून करावा? प्रथम पाड्यापासून. चरई, खोपट, उथळसर, चेंदणी, माजिवडें : घर कोणत्या आळींत होतें हें कळल्यावांचून वही उघडूं नये. मग देवळाच्या वह्या. त्रेंत येथील धर्मपरिषदेनें सन १५६३ त बाप्तिस्मा व विवाह यांची नोंद ठेवण्याचा नियम घालून दिला. मृत्यूची वही १६१४ च्या विधिग्रंथानें सांगितली. मराठ्यांनीं १७३७ त ठाणें व १७३९ त वसई घेतल्यावर युरोपीय धर्मगुरु निघून गेले व गोमंतकीय आणि देशी पाद्रींनीं कळप सांभाळला. आपल्याकडील जुन्या नोंदी पोर्तुगीज भाषेंत आहेत. परंतु दहावीस शब्द शिकल्यास त्या वाचतां येतात. वाचतांना लोक आईबापांचीं नांवें उतरून घेतात आणि धर्मपिता व धर्ममाता यांचीं सोडून देतात, ही मोठी हानि होय. मूळ आडनांव साक्षीदाराचें होतें, पण पुढच्या पिढ्यांत धर्मपिता बहुधा मामा, काका किंवा शेजारी असे. एकाच घराच्या चार बाप्तिस्म्यांचे धर्मपिते एका कागदावर मांडले कीं सोयरीक कोठें होती तें आपोआप उघडें होतें. शिवाय 'ने तेमेरे' या १९०७ च्या आज्ञेपासून विवाहाची नोंद बाप्तिस्म्याच्या नोंदीसमोर समासांत करावयाची असते. लग्न होऊन दुसऱ्या धर्मग्रामांत गेलेल्या मुलींचा माग ह्या समासांतच लागतो, आणि घराण्याची अर्धी कथा त्या मुलींबरोबर गेलेली असते.

वहीबाहेरही पुष्कळ लिहिलेलें आहे. गांवठाणांतील क्रूस पाहा. मुंबईंत १८९६ त प्लेग आला, त्यानंतरच्या वर्षांत उभारलेल्या क्रुसांवर साल व घराण्याचीं नांवें कोरलेलीं सांपडतात. सातबारा व जुने फेरफार पाहावे. त्यांत आजोबा बाप्तिस्म्याच्या नांवानें नसून घरगुती नांवानेंही असूं शकतो. लग्नांतील उंबराचें पाणी आणण्याचा विधि, त्या वेळचीं मराठी गाणीं, घरांत टिकलेली पाटीलकीची आठवण, हीं सर्व त्या काळाच्या खुणा आहेत, जेव्हां परेरा हें नांव ह्या किनाऱ्यावर कोणी ऐकलें नव्हतें. लुगडें नेसणाऱ्या आजीस विचारिलें तर ती ह्या आळींतून त्या आळींत गेलेल्या पांच पिढ्या न थांबतां सांगते. लिस्बनच्या दप्तरांत ह्यांतलें एक अक्षर नाहीं.

दगडावर भिस्त ठेवूं नये, हेंही सांगितलें पाहिजे. आपल्या स्मशानभूमींत जागा थोडी. कांहीं वर्षांनीं तीच खांच पुन्हा उघडली जाते, अस्थि भिंतींतील कोनाड्यांत जातात. आयरिश पाहुण्यास पणजोबाची शिळा अनेकदां भेटते, आपल्यास क्वचितच. गांवठाणांतील बसकीं घरेंही एकामागून एक पडून त्यांच्या जागीं मजल्यांवर मजले चढत आहेत. घर रिकामें करतांना पत्र्याच्या पेटीतील कागद रद्दींत देतात, त्यांतच लग्नाच्या आमंत्रणपत्रिका, मृत्यूची स्मरणचित्रें आणि दाखले असतात. अशी पेटी ज्यांच्या घरीं असेल त्यांनीं ती धर्मग्रामाच्या कचेरींत आणून दाखवावी. कागद पाहून नकलून घेतां येतील, व पेटी ज्याची त्याला परत मिळेल. दाखल्याच्या पाठीवर पेन्सिलीनें गांवाचें नांव लिहिलेलें असेल, तर तें आधीं नकलावें. पेन्सिलीचें अक्षर सर्वांत आधीं पुसलें जातें.