एडिंबरो विद्यापीठातील कृत्रिम बुद्धिमत्ता

स्कॉटलंडमधील एडिंबरो विद्यापीठात १९६० च्या दशकाच्या आरंभापासून चालत आलेले यंत्रबुद्धीविषयक संशोधन, परिसंवाद आणि अध्यापन. कृत्रिम बुद्धिमत्तेचा इतिहास सांगताना एमआयटी, स्टॅनफर्ड आणि कार्नेगी मेलन ही अमेरिकी नावे आधी येतात. युरोपात मात्र या विषयाला विद्यापीठीय विभागाचा दर्जा देणाऱ्या पहिल्या मोजक्या ठिकाणांत एडिंबरोची गणना होते. येथील मंडळींचे एकमेकांशी क्वचितच पटले. बुद्धी म्हणजे तर्क, की पाहणे-हाताळणे, की मेंदूतील पेशींचे जाळे, यावर ती शेवटपर्यंत भांडत राहिली आणि तिन्ही वाटांवर मोलाचे काम याच शहरात झाले.

डॉनल्ड मिकी (१९२३–२००७) हे या परंपरेचे प्रवर्तक. रंगून येथे जन्मलेले मिकी दुसऱ्या महायुद्धात ब्लेचली पार्क येथे जर्मन सांकेतिक संदेश उलगडण्याच्या कामात होते. तेथे अ‍ॅलन ट्यूरिंग यांच्याशी बुद्धिबळ खेळता खेळता शिकणाऱ्या यंत्राच्या गप्पा होत. युद्धानंतर ते आनुवंशिकीकडे वळले आणि १९५८ मध्ये एडिंबरोत आले, पण तो जुना विषय त्यांच्या डोक्यातून गेला नव्हता. हाताशी संगणक नसल्याने त्यांनी सुमारे ३०० रिकाम्या काडेपेट्या एकमेकींना चिकटवल्या आणि फुली-गोळ्याचा खेळ शिकणारे यंत्र तयार केले. त्याचे नाव ‘मेनॅस’.

यंत्राची पाळी असताना पटावर येऊ शकणाऱ्या प्रत्येक स्थितीसाठी एक काडेपेटी होती; फिरवून किंवा आरशात पाहून सारख्या ठरणाऱ्या स्थिती एकच धरल्या होत्या. पेटीत रंगीत मणी होते आणि प्रत्येक रंग म्हणजे पटावरचे एक घर. पेटी हलवून तिरकी धरली, की एक मणी घरंगळत पुठ्ठ्याच्या कोपऱ्यात येऊन अडके. त्याचा रंग पाहून यंत्राची खेळी ठरे. डाव जिंकला तर वापरलेल्या प्रत्येक पेटीत त्या रंगाचे तीन मणी वाढवायचे, बरोबरी झाली तर एक, आणि हरला तर तो मणी काढून घ्यायचा. एवढाच नियम. मिकी यांनी या पेट्यांशी २२० डाव खेळले. सुरुवातीला वाटेल तसे खेळणाऱ्या पेट्या हळूहळू त्यांना भारी पडू लागल्या. बक्षीस आणि दंड यांतून शिकण्याचे हे तत्त्व आज प्रबलन-अध्ययन या नावाने संगणकशास्त्रात रुळले आहे, आणि ते समजावून देण्यासाठी काडेपेट्यांहून चांगले साधन प्रस्तुत लेखकाला तरी माहीत नाही. शाळेच्या वर्गात तासाभरात हे यंत्र दाखवता येते.

१९६३ मध्ये होप पार्क स्क्वेअर येथील एका घरात मिकी यांचा छोटा गट काम करू लागला. १९६६ मध्ये ‘यंत्रबुद्धी आणि संवेदन’ विभाग स्थापन झाला. त्यात मिकी यांच्याबरोबर दृष्टीच्या मानसशास्त्राचे अभ्यासक रिचर्ड ग्रेगरी आणि सैद्धांतिक रसायनशास्त्र सोडून मेंदूकडे वळलेले क्रिस्टोफर लाँग्वेट-हिगिन्स असे तिघे एकत्र आले. तिघेही आपापल्या क्षेत्रात मोठे आणि तिघांच्या दिशा वेगळ्या. बर्नार्ड मेल्ट्झर यांचा गणिती तर्कावर काम करणारा स्वतंत्र गट शेजारीच होता. ‘आर्टिफिशियल इंटेलिजन्स’ या १९७० मध्ये सुरू झालेल्या संशोधनपत्रिकेचे संपादन त्यांच्याकडे होते.

एडिंबरोचे नाव जगभर झाले ते १९६५ पासून भरणाऱ्या यंत्रबुद्धी कार्यशाळांमुळे. अटलांटिकच्या दोन्ही काठांवरचे संशोधक येथे येऊन निबंध वाचत. ते निबंध पुढे विद्यापीठाच्या मुद्रणालयाकडून ग्रंथरूपाने निघत. नियतकालिके मोजकी असलेल्या त्या काळात हे खंड म्हणजे या विषयाची चालू वही होती.

प्रत्यक्ष प्रयोगशाळेत ‘फ्रेडी’ हा यंत्रमानव घडत होता. पहिला फ्रेडी कॅमेऱ्यातून पाहून कप, हातोडी, चष्मा अशा वस्तू ओळखे. चित्राचे तुकडे पाडायचे आणि कोणता तुकडा कशाला लागून आहे हे ताडायचे, अशी त्याची रीत होती. दुसरा फ्रेडी १९७३ च्या सुमारास पुरा झाला. लाकडी खेळण्यातील मोटार किंवा होडी यांचे सुटे भाग टेबलावर ढिगाने ओतले जात. वर टांगलेला हात आडवा सरकत नसे, त्याच्याखाली टेबलच सरके. फ्रेडी ढीग न्याहाळी. एखादा भाग ओळखू आला तर उचलून बाजूला ठेवी. काहीच उमगले नाही तर ढिगात हात घालून तो विस्कटे आणि पुन्हा पाही. लहान मूल खेळण्यांची टोपली उपडी करून हवे ते शोधते, तसेच हे. सगळे भाग ओळीने मांडून झाले, की जुळणीचे काम मात्र तो न पाहता, केवळ स्पर्शाच्या आणि दाबाच्या अंदाजाने करी. आस चाकात शिरला की नाही, हे हाताला लागणाऱ्या अडथळ्यावरून कळे. पॅट अ‍ॅम्बलर, हॅरी बॅरो, क्रिस्टोफर ब्राउन, रॉड बर्स्टॉल आणि रॉबिन पॉपलस्टोन या पाच जणांचे हे काम. त्यासाठी वापरलेली ‘पॉप-२’ ही संगणकभाषाही बर्स्टॉल आणि पॉपलस्टोन यांनी येथेच रचली होती.

याच सुमारास घाला पडला. विभागातील बेबनाव लपून राहिला नव्हता आणि पैसा पुरवणाऱ्या विज्ञान संशोधन परिषदेला बाहेरचे मत हवे होते. तिने केंब्रिजचे द्रवगतिशास्त्रज्ञ सर जेम्स लाइटहिल यांच्याकडून अहवाल मागवला. १९७३ मध्ये तो प्रसिद्ध झाला. लाइटहिल यांनी क्षेत्राचे तीन भाग पाडले. स्वयंचलन आणि मेंदूचा अभ्यास ही दोन टोके त्यांना मान्य होती, पण त्यांना जोडू पाहणारा मधला पूल, म्हणजे यंत्रमानव, त्यांना पोकळ वाटला. पर्यायांच्या संख्येचा स्फोट हा त्यांचा मुख्य आक्षेप होता. खेळण्यापुरत्या जगात चालणारी रीत खऱ्या जगात आणली, की तपासायच्या शक्यता इतक्या भराभर वाढतात की कोणताही संगणक थकतो. त्या वर्षी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये यावर जाहीर वाद झाला आणि बीबीसीने तो दाखवला. सर्व कामे करणारा यंत्रमानव हे मृगजळ आहे, अशी लाइटहिल यांची बाजू. समोर मिकी, ग्रेगरी आणि स्टॅनफर्डहून आलेले जॉन मॅकार्थी.

आक्षेप खरा होता, निष्कर्ष मात्र घाईचा होता. पर्यायांचा स्फोट या क्षेत्रातील लोकांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होता आणि त्याला आवर कसा घालायचा हाच तर त्यांचा अभ्यासविषय होता. तरीही ब्रिटनमधील निधी आटला. ग्रेगरी आधीच, १९७० मध्ये, ब्रिस्टलला गेले होते. लाँग्वेट-हिगिन्स १९७४ मध्ये ससेक्सला गेले. मिकी यांना वेगळ्या छोट्या गटात बसवले गेले आणि उरलेल्यांचा कृत्रिम बुद्धिमत्ता विभाग झाला.

पैसा आटला, तरी त्या दशकात येथे झालेले काम फार मोलाचे आहे. रॉबर्ट कोवाल्स्की यांनी तर्काची विधाने हाच संगणकाचा कार्यक्रम मानता येतो हे दाखवले. मार्सेचे अलाँ कोल्मेरोएर यांच्या हातून त्यातून ‘प्रोलॉग’ ही भाषा साकारली. या भाषेत कृती सांगायची नसते, वस्तुस्थिती सांगायची असते. कोण कोणाचा बाप हे नोंदवले आणि ‘बापाचा बाप तो आजोबा’ एवढा नियम दिला, की नातवाने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर यंत्र स्वतः शोधते. डेव्हिड वॉरन यांनी एडिंबरोत तिचा वेगवान अनुवादक लिहिला आणि प्रोलॉगची एडिंबरो पद्धतीची लेखनशैलीच पुढे सर्वत्र प्रमाण मानली गेली. १९७३ मध्ये आलेल्या रॉबिन मिलनर यांनी गणिती सिद्धता तपासण्याच्या कामातून ‘एमएल’ ही भाषा निर्माण केली. त्यांना १९९१ चा ट्यूरिंग पुरस्कार मिळाला.

याच काळात जेफ्री हिंटन हे लाँग्वेट-हिगिन्स यांच्या हाताखाली पीएच.डी. करत होते. ती पदवी त्यांना १९७८ मध्ये मिळाली. मार्गदर्शकांचे मन तोवर मज्जाजालांवरून, म्हणजे मेंदूतील पेशींच्या धर्तीवरच्या जाळ्यांवरून, उडाले होते, भोवतालची हवाही तर्काच्या बाजूची होती. हिंटन यांनी जाळ्यांचा नाद सोडला नाही. याच कामासाठी २०२४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना जॉन हॉपफील्ड यांच्यासह मिळाले.

१९९८ मध्ये कृत्रिम बुद्धिमत्ता, बोधनविज्ञान आणि संगणकशास्त्र हे विभाग एकत्र येऊन ‘स्कूल ऑफ इन्फर्मेटिक्स’ झाले. डिसेंबर २००२ मध्ये जुन्या शहरातील काउगेट भागात लागलेल्या आगीत साउथ ब्रिजवरील इमारत गेली आणि तिच्यातील कृत्रिम बुद्धिमत्तेचे ग्रंथालयही जळाले. अनेक दशके जमवलेले अहवाल, निबंध एका रात्रीत नाहीसे झाले. या स्कूलची नवी वास्तू, इन्फर्मेटिक्स फोरम, २००८ मध्ये उभी राहिली.

मराठी वाचकाला एडिंबरो भेटते ते भाषांतराच्या वाटेने. २००७ मध्ये फिलिप कोन आणि सहकाऱ्यांनी ‘मोझेस’ ही सांख्यिकी भाषांतरप्रणाली सर्वांना मोकळी करून दिली. आयआयटी मुंबईतील संशोधकांनी तिच्या आधारे २०१४ मध्ये ‘शतानुवादक’ उभा केला. मराठी आणि कोकणीसह ११ भाषा, म्हणजे भाषांतराच्या ११० जोड्या. येथे मराठीची घडण आडवी येते. ‘घर’ शब्द ग्रंथांत हजारदा सापडेल, ‘घरासमोरच्यांनाही’ हा कदाचित एकदाही नाही, आणि यंत्राच्या लेखी तो सर्वस्वी नवा शब्द असतो. एडिंबरोतील रिको झेनरिख, बॅरी हॅडो आणि अलेक्झांड्रा बर्च यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात यावर सोपा उपाय सांगितला: शब्द अखंड न ठेवता वारंवार येणाऱ्या तुकड्यांत फोडायचा, आणि तुकडे कोणते हे मजकुरातील वारंवारितेवरून यंत्रालाच ठरवू द्यायचे. आजच्या बहुतेक भाषाप्रतिमानांत ही रीत या ना त्या रूपाने वापरात आहे.

दुसरा फ्रेडी एडिंबरोतील स्कॉटलंडच्या राष्ट्रीय संग्रहालयात जपून ठेवलेला आहे.