राळ्याच्या मुलखातला पाहुणा

आमच्या तेरला परदेशी पाहुण्यांचे अप्रूप नाही. 'तगर' या नावाने हे गाव 'पेरिप्लस' या जुन्या ग्रीक ग्रंथात आले आहे, आणि रोमशी चाललेल्या व्यापाराच्या खुणा आजही इथल्या लामतुरे संग्रहालयात पाहायला मिळतात. ते पाहुणे सौद्यासाठी येत. मला सांगायचे आहे ते शेजारच्या सोलापूरहून ऐन युद्धात परमुलखी गेलेल्या एका पाहुण्याविषयी.

जपानशी लढणाऱ्या चीनच्या सेनापती चू तेह यांनी नेहरूंकडे वैद्यकीय मदत मागितली. काँग्रेसने सप्टेंबर 1938 मध्ये पाच डॉक्टर पाठवले. अटल, चोळकर, बसू, मुखर्जी आणि सत्तावीस वर्षांचे द्वारकानाथ कोटणीस. व्ही. शांताराम यांचा 1946 चा चित्रपट अनेकांना आठवत असेल. त्या चित्रपटामागे ख्वाजा अहमद अब्बास यांचे पुस्तक आहे, आणि पुस्तकामागे परत आलेल्या बसूंच्या आठवणी.

1939 च्या आरंभी, चोंगचिंगमध्ये असताना, कोटणीसांना वडील गेल्याचे कळले. घरी परतले असते तर कोणी बोल लावला नसता. ते पुढे येनानला गेले. तिथे मातीच्या डोंगरात कोरलेल्या गुहा हीच घरे, तेच दवाखाने. रोजचे जेवण राळ्याचे. राळे आपल्याकडच्या जुन्या माणसांना ठाऊक आहेत. ज्वारीवर वाढलेल्या सोलापूरकराला ते अगदीच परके वाटले नसावेत, असा माझा आपला अंदाज.

मला थोर वाटते ते त्यांचे भाषा शिकणे. जखमी माणूस आपले दुखणे दुभाष्यामार्फत सांगतो, तेव्हा त्यातले निम्मे वाटेतच सांडते. कोटणीस चिनी बोलू लागले, त्याच भाषेत विद्यार्थ्यांना शल्यक्रिया शिकवू लागले. जानेवारी 1941 मध्ये ते आघाडीजवळच्या बेथून रुग्णालयाचे प्रमुख झाले. रुग्णालय म्हणजे पक्की इमारत नव्हे. जपानी फौज चालून आली की जखमींना घेऊन डोंगरात सरकायचे. नावही बदलले होते : के दिहुआ. पाचही डॉक्टरांनी आपल्या चिनी नावात 'हुआ', म्हणजे चीन, हे अक्षर घेतले होते.

त्याच वर्षी त्यांनी परिचर्या शिकवणाऱ्या गुओ छिंगलान यांच्याशी लग्न केले. ऑगस्ट 1942 मध्ये मुलगा झाला. त्याचे नाव यिनहुआ. यिन म्हणजे भारत. फेफऱ्याच्या झटक्याने कोटणीस 9 डिसेंबर 1942 रोजी गेले, तेव्हा तो साडेतीन महिन्यांचा होता.