यंत्राचें झांकण कोणी उघडावें?

आमच्या घरीं एक जुना रेडिओ आहे. माझ्या वडिलांनीं तो आपल्या नोकरीच्या आरंभीच्या काळांत विकत घेतला. लांकडी पेटी, पुढें विणलेलें कापड, त्याखालीं स्टेशनांचीं नांवें असलेली कांच आणि आंत पांच व्हॉल्व्ह, असें त्याचें स्वरूप आहे. चार स्क्रू काढले कीं या पेटीची मागची पुठ्ठ्याची फळी निघते; आणि ती काढली म्हणजे तिच्या आंतल्या बाजूस चिकटविलेला एक पिवळा पडलेला कागद दिसतो. त्या कागदावर रेडिओच्या आंतील सर्व सर्किटचा नकाशा छापलेला आहे. कोणता व्हॉल्व्ह कोठें बसवावा, कोणता भाग कोणाशीं जोडलेला आहे, हें सारें त्यांत दाखविलें आहे. लहानपणीं मला त्या कागदाचें कांहीं विशेष वाटलें नाहीं. परंतु पुढें जेव्हां ज्यांना मागची फळीच नाहीं अशीं यंत्रें घरांत येऊं लागलीं, तेव्हां मनांत प्रश्न उभा राहिला कीं, कारखानदारानें तो कागद कोणासाठीं चिकटविला असेल?

उत्तर सरळ आहे. जो कोणी फळी उघडील त्याच्यासाठीं; मग तो दुकानांतील मेकॅनिक असो किंवा खुद्द घरधनी असो. विकलेली वस्तु केव्हां तरी दुसऱ्याच्या हातून उघडली जाणार, हें विकणाऱ्यानें गृहीत धरलें होतें. ही समजूत कशी रुजली, कशी मावळली, आणि आज ती परत येऊं पाहते आहे काय, हा माझ्या आजच्या भाषणाचा विषय आहे.

श्रोतेहो, रेडिओच्या बाबतींत घरगुती कारागिरी ही कारखान्यामागून आलेली नाहीं. ती कारखान्याच्या बरोबरीनें, किंबहुना थोडी आधींच आली. कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजांतील प्राध्यापक जगदीशचंद्र बोस यांनीं गॅलिना या शिशाच्या खनिजाचा उपयोग विद्युत्-लहरी ओळखण्याकडे केला, आणि त्याबद्दलचें अमेरिकन पेटंट त्यांना १९०४ सालीं मिळालें. अशा खनिजाच्या खड्यावर बारीक तारेचें टोंक टेकविलें असतां विजेचा प्रवाह एका दिशेनें सुलभ जातो व उलट दिशेनें अडतो. येवढ्या एका गुणावर पुढें घरोघरचे क्रिस्टल-संच उभे राहिले. पुठ्ठ्याच्या नळीवर गुंडाळलेलें तांब्याच्या तारेचें वेटोळें, खनिजाचा खडा, उंच बांधलेली एरियलची तार, जमिनींत पुरलेली दुसरी तार आणि कानाला लावावयाचा हेडफोन, इतकें साहित्य असलें कीं काम भागे. बॅटरी नको कीं घरांत वीज नको. स्टेशनाकडून येणाऱ्या लहरींत जी अल्प शक्ति असते तिच्याच बळावर गाणें कानीं पडे. शाळेंतील मुलालाहि हा संच एका दुपारीं करतां येई. दुसऱ्या महायुद्धांत आघाडीवरील सैनिकांनीं तर खनिजाच्या ऐवजीं दाढीचें पातें व पेन्सिलीचें शिसें वापरून असे संच बनविले.

परंतु घरीं बनविलेला संच वापरण्याचा हक्क आहे कीं नाहीं, याविषयीं अगदीं आरंभींच तंटा उभा राहिला होता, हें पुष्कळांना ठाऊक नसतें. हा तंटा इंग्लंडांत झाला. १९२२ च्या ऑक्टोबरांत तेथें ब्रिटिश ब्रॉडकास्टिंग कंपनी स्थापन झाली. ती रेडिओसंच बनविणाऱ्या कारखानदारांनीं काढलेली कंपनी होती. श्रोत्यानें दहा शिलिंगांचा परवाना घ्यावा आणि कंपनीचा शिक्का असलेलाच संच वापरावा, असा नियम करण्यांत आला; अशा प्रत्येक संचाच्या किंमतींत कंपनीचा वांटा धरलेला असे. पण ज्यानें स्वतःच्या टेबलावर संच जुळविला त्यानें शिक्का कोठून आणावा? प्रयोग करणारांसाठीं निराळा परवाना होता. तेव्हां हजारों लोकांनीं आपण प्रयोग करणारे आहों असें सांगून अर्ज केले. वेटोळें गुंडाळणारा प्रत्येक कारकून व प्रत्येक विद्यार्थी हा शास्त्रीय प्रयोग करणारा समजावा काय, हें पोस्टखात्याला ठरवितां येईना. अर्ज तुंबून राहिले, आणि पुष्कळ लोक परवान्यावांचूनच ऐकूं लागले.

अखेर १९२३ मध्यें सर फ्रेडरिक साइक्स यांच्या अध्यक्षतेखालीं चौकशी-समिति नेमण्यांत आली. हेच साइक्स पुढें १९२८ ते १९३३ पर्यंत मुंबई इलाख्याचे गव्हर्नर होते. समितीच्या चौकशीनंतर त्याच वर्षीं स्वतः संच बनविणारांसाठीं पंधरा शिलिंगांचा परवाना निघाला; म्हणजे स्वतःच्या हातानें काम करणाऱ्यास पांच शिलिंग अधिक! १९२५ पासून हा भेदहि नाहींसा झाला व सर्वांना एकच दहा शिलिंगांचा परवाना लागू झाला. शंभर वर्षांपूर्वींचा हा निकाल आपण ध्यानांत ठेवावा. लोकांनीं पेटी उघडली म्हणून कायदा मागाहून बदलला. कायद्यानें उदार होऊन पेटी उघडूं दिली, असें झालें नाहीं.

आपल्याकडेहि आरंभ हौशी मंडळींनींच केला. मुंबईच्या रेडिओ क्लबनें १९२३ सालीं प्रक्षेपण सुरू केलें. इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचें मुंबई केंद्र त्यानंतर, २३ जुलै १९२७ रोजीं उघडलें. वर्षाचा परवाना दहा रुपयांचा होता. ही कंपनी १९३० मध्यें बुडाली व काम सरकारकडे आलें. परवान्यावांचून रेडिओयंत्र जवळ बाळगणें हा १९३३ च्या कायद्यानें गुन्हा ठरला. आणि १९३९ सालीं युद्ध सुरू होतांच हौशी प्रक्षेपकांचे परवानेहि रद्द झाले. तरी १९४२ च्या ऑगस्टांत २२ वर्षांच्या उषा मेहता व त्यांचे सहकारी यांनीं मुंबईंत गुप्त काँग्रेस रेडिओ सुरू केला, तेव्हां त्याचें यंत्र जुळविण्यास लागणारें कसब याच शहरांत मिळालें. जागा बदलीत बदलीत तें केंद्र नोव्हेंबरपर्यंत बोलत राहिलें. सरकारला पेटी जप्त करतां येते, पण हातांतील विद्या जप्त करतां येत नाहीं, हें त्या तीन महिन्यांनीं दाखविलें.

आतां त्या व्हॉल्व्हच्या पेटीकडे पुन्हां वळूं. ती दुरुस्त होई याचें कारण तिची रचनाच तशी होती. व्हॉल्व्ह विजेच्या दिव्याप्रमाणें खांचेंत बसविलेला असे. आंतील तार जळली कीं तो उपटावा व दुसरा बसवावा. बाकीचे भाग सुट्या तारांनीं एकमेकांस जोडलेले व डाख लावून पक्के केलेले असत. प्रत्येक भाग डोळ्यांना दिसे. काळानें सर्वांत आधीं थकतात ते कंडेन्सर. मेण लावलेल्या कागदाच्या कंडेन्सरांतून विजेची गळती होऊं लागते, आणि ती शेवटच्या व्हॉल्व्हकडे गेली तर तो व्हॉल्व्ह तापून निकामी होतो. दुसऱ्या जातीच्या, म्हणजे इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरांतील ओल सुकते, व मग गाण्यामागें सतत घूं-घूं असा आवाज येत राहतो.

आमच्या रेडिओंतून असाच घूं-घूं आवाज येऊं लागला, तेव्हां मीं तो कागद समोर ठेवून एकेक भाग तपासला. जुन्या कंडेन्सरांचीं कवचें तशींच ठेवून त्यांच्या आंत नवे लहान कंडेन्सर बसविले, आणि कित्येक वर्षें मुका असलेला तो रेडिओ पुन्हां बोलूं लागला. मात्र एक इशारा दिलाच पाहिजे. या पेट्यांत शेंकडों व्होल्टांचा दाब असतो; प्लग काढल्यावरहि कंडेन्सरांत तो कांहीं काळ टिकतो; आणि कांहीं संचांत आंतील लोखंडी सांगाडाच घरच्या विजेच्या तारेशीं सरळ जोडलेला असतो. ज्यानें हें काम जाणत्या माणसाजवळ बसून पाहिलेलें नाहीं, त्यानें आंत हात घालूं नये.

१९४७ च्या डिसेंबरांत अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत ट्रान्झिस्टर जन्मास आला, आणि १९५४ सालीं चार ट्रान्झिस्टरांचा खिशांत मावणारा रेडिओ बाजारांत आला. भाग बारीक झाले, सुट्या तारांच्या जागीं छापील पाटी आली. तरी घरगुती कारागिरी संपली नाहीं. १९४७ मध्येंच मिशिगन राज्यांतील हीथ कंपनीनें युद्धांतून उरलेले सुटे भाग घेऊन घरीं जुळवावयाचीं यंत्रें विकण्यास सुरुवात केली होती. प्रत्येक यंत्राबरोबर एक पुस्तिका येई. तींत प्रत्येक कृतीपुढें लहानसा चौकोन असे, आणि कृति पुरी झाली कीं त्यांत खूण करावयाची. या रीतीनें हजारों घरांत लोक वाचतां वाचतां कारागीर बनले. पुढें कारखान्यांत यंत्रांनींच यंत्रें जुळविलीं जाऊं लागलीं, तयार माल सुट्या भागांहून स्वस्त झाला, आणि १९९२ मध्यें कंपनीनें तो धंदा थांबविला.

तथापि त्यापूर्वींच ही विद्या संगणकाकडे वळली होती. १९७५ च्या जानेवारींत एका अमेरिकन मासिकाच्या मुखपृष्ठावर आल्टेअर या संगणकाचें चित्र झळकलें. तोहि सुट्या भागांचा संच होता. त्याला पडदा नव्हता कीं टंकफलक नव्हता. स्मृति अवघी २५६ बाइटची. माणसानें खटके दाबावे व दिव्यांकडे पाहून उत्तर समजून घ्यावें. त्याच वर्षींच्या मार्चांत कॅलिफोर्नियांतील एका गॅरेजांत हौशी मंडळींचा होमब्रू क्लब भरला. स्टीव्ह वॉझनिॲक यांनीं आपल्या यंत्राचे आराखडे या क्लबांत फुकट वांटले, आणि १९७६ मध्यें त्याच आराखड्यावरून पहिला ॲपल विक्रीस आला. त्यांच्या १९७७ च्या दुसऱ्या यंत्राचें झांकण नुसत्या हातानें उचलतां येई, व आंत नवे भाग बसविण्यासाठीं आठ खांचा होत्या. १९८१ मध्यें आयबीएम कंपनीनें आपल्या संगणकाचें सर्व सर्किट पुस्तकरूपानें छापून प्रसिद्ध केलें. माझ्या वडिलांच्या रेडिओंतील पिवळा कागद जणुं ग्रंथ होऊन अवतरला!

पण १९८४ सालीं ॲपल कंपनीचें मॅकिन्टॉश आलें, तें बंद पेटींत. ती उघडण्यास लांब दांड्याचा निराळाच स्क्रू-ड्रायव्हर लागे. आंत खांचा नव्हत्या, आणि स्मृतीचे भाग डाख लावून कायमचे बसविलेले होते. अवघ्या सात वर्षांत एकाच कंपनीनें उघडें झांकण व बंद पेटी असे दोन्ही मार्ग चोखाळले. यावरून एक गोष्ट उघड होते. यंत्र सुधारलें म्हणजे तें बंद झालेंच पाहिजे, असा कांहीं निसर्गनियम नाहीं. तो माणसांनीं केलेला निर्णय असतो, आणि माणसांना तो बदलतां येतो.

आपल्या देशांत उघड्या पेटीचा मार्ग फळास आला. १९९० नंतर मुंबईचा लॅमिंग्टन रोड किंवा दिल्लीचें नेहरू प्लेस येथून सुटे भाग आणून जुळविलेले संगणक मध्यम वर्गाच्या घरांत शिरले. यंत्र मंद वाटूं लागलें कीं तें टाकून न देतां त्याची स्मृति वाढवावी, मोठी डिस्क बसवावी, असा प्रघात पडला. आजहि जुन्या संगणकांतील फिरती डिस्क काढून सॉलिड-स्टेट डिस्क बसविली, पंख्यावरील धूळ झाडली व थोडी स्मृति वाढविली, तर तें यंत्र कित्येक वर्षें उपयोगीं पडतें. १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं विंडोज १० या प्रणालीचा सर्वसाधारण आधार बंद झाला आणि पुष्कळ धडधाकट यंत्रें एका दिवसांत जुनीं ठरलीं; परंतु हेलसिंकीच्या एका विद्यार्थ्यानें, लिनस टोरवाल्ड्स यानें, १९९१ मध्यें स्वतःच्या संगणकासाठीं लिहावयास घेतलेली लिनक्स प्रणाली अशा यंत्रांवर आजहि चालते.

बंद पेटीच्या बाजूनें बोलण्यासारखें कांहींच नाहीं, असें मी म्हणत नाहीं. यंत्र पातळ हवें, पाण्यापासून सुरक्षित हवें, तर तें चिकटवून बंद करणें सोयीचें पडतें. आणि आजचे कित्येक भाग नुसत्या डोळ्यांना दिसत नाहींत. पण बॅटरीसारखी झिजणारी वस्तु सरसानें चिकटविणें आणि सुटा भाग व माहिती बाहेरच्यास न देणें, यांतील सर्वच कांहीं पातळपणासाठीं नसतें. याचा परिणाम आपल्यासमोर आहे. २०२२ या एका वर्षांत जगांत ६.२ कोटि टन विद्युत्-कचरा झाला, आणि त्यांतील चौथा हिस्सादेखील रीतसर गोळा होऊन पुन्हां उपयोगांत आल्याची नोंद नाहीं.

म्हणून १९२३ चा तो तंटा नव्या रूपानें पुन्हां उभा राहिला आहे. न्यूयॉर्क राज्यानें २०२२ मध्यें दुरुस्तीच्या हक्काचा कायदा केला. युरोपीय संघानें २०२४ मध्यें तशाच आशयाचा निर्देश संमत केला. आणि भारत सरकारच्या ग्राहक-व्यवहार खात्यानेंहि २०२२ मध्यें या हक्काविषयीं समिति नेमली व त्याच वर्षअखेर एक संकेतस्थळ उघडलें. यांतून काय निष्पन्न होईल तें पुष्कळसें आपल्यावर अवलंबून आहे. दुकानांत किंमत विचारतांना आपण आणखी एक प्रश्न विचारावा: हें उघडतें काय, आणि उघडल्यावर याचा भाग मिळतो काय? जी वस्तु बिघडल्यावर आपली राहत नाहीं, ती विकत घेतांना तरी पुरती आपली झाली होती काय?

त्या जुन्या रेडिओची फळी लावण्यापूर्वीं मीं पिवळ्या कागदाची एक प्रत करून आंत ठेविली आहे. माझ्यामागून ती फळी कोण उघडील, हें मला ठाऊक नाहीं. पण तो कागद चिकटविणाऱ्यालाहि मी कोठें ठाऊक होतों? इतकें बोलून मी आपली रजा घेतों.