‘लोकांसाठी’ राखलेलं रान, पण लोक कोण?



अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाच्या उत्तरेकडच्या वाटेवर एक मोठी दगडी कमान आहे. १९०३ साली तिची कोनशिला राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांच्या हस्ते बसवली गेली. हे उद्यान लोकांच्या हितासाठी आणि आनंदासाठी आहे, असं त्या कमानीवर कोरलेलं आहे. हे शब्द १८७२ च्या यलोस्टोन कायद्यातले. आज मला तुमच्यापुढे त्यातल्या एकाच शब्दाचा इतिहास मांडायचा आहे. तो शब्द म्हणजे ‘लोक’. निसर्ग राखायचा तो लोकांसाठी, हे ठीक. पण हे लोक म्हणजे नेमके कोण?

सुरुवात थोडी आधीपासून करू या. १८५१ साल. कॅलिफोर्नियात सोन्याच्या मागे माणसांची झुंबड उडाली होती. तेव्हा मरिपोसा बटालियन नावाची सरकारमान्य सशस्त्र तुकडी योसेमिटीच्या खोऱ्यात शिरली. तिथे अवानीची लोक राहत होते, तेनाया हा त्यांचा प्रमुख. तुकडीने त्यांची घरं जाळली आणि ओकच्या फळांचे साठेही जाळले. ही फळं दळून त्यांचं पीठ खायचं, हा त्या लोकांचा रोजचा आहार. आपल्याकडे एखाद्या गावातल्या ज्वारीच्या कणग्या पेटवून द्याव्यात, तसंच हे झालं. त्यानंतर अवघ्या तेरा वर्षांनी, १८६४ मध्ये, अब्राहम लिंकन यांच्या सहीने हेच खोरं सार्वजनिक वापरासाठी राखून ठेवलं गेलं.

आता यातली गंमत बघा, अर्थात गंमत कडवट आहे. खोऱ्यात आलेल्या गोऱ्या प्रवाशांना तिथली मोकळी कुरणं आणि ऐसपैस ओकवृक्ष पाहून वाटलं, हा तर मानवी हात न लागलेला निसर्ग! प्रत्यक्षात ती कुरणं माणसांनीच राखलेली होती. अवानीची लोक ठरावीक काळाने गवताला आटोक्यात ठेवलेली आग लावत, म्हणून ओकला उजेड मिळे आणि झुडपं माजत नसत. माणसं गेली, आग थांबली, आणि सूचिपर्णी झाडं कुरणांत घुसली. म्हणजे ज्या सौंदर्यासाठी खोरं राखलं, ते घडवणाऱ्यांनाच बाहेर काढलं. त्यांच्यातले काही परत आले, हॉटेलांत आणि पर्यटकांसाठी काम करत राहिले. पण उद्यानाच्या धोरणाने त्यांची वस्ती हळूहळू आकसत गेली, आणि १९६९ मध्ये उरलीसुरली घरं आग विझवण्याच्या सरावासाठी जाळून टाकण्यात आली.

जॉन म्यूर यांचं नाव तुमच्यापैकी अनेकांनी ऐकलं असेल. १८९२ साली सिएरा क्लब स्थापन झाला, त्याचे ते पहिले अध्यक्ष. १८९० मध्ये योसेमिटीला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला, त्यात त्यांच्या लेखणीचा मोठा वाटा होता. हे श्रेय त्यांना द्यायलाच हवं. पण सिएरा पर्वतातल्या आपल्या पहिल्या उन्हाळ्यावरच्या पुस्तकात त्यांनी तिथल्या मूलनिवासींचं वर्णन मलिन, त्या निर्मळ देखाव्यात न शोभणारी माणसं असं केलं. पुढे अलास्कातल्या प्रवासांनी त्यांची दृष्टी बरीच बदलली. प्रश्न एका माणसाच्या स्वभावाचा नव्हताच मुळी. निसर्ग म्हणजे जिथे माणूस नाही ती जागा, ही व्याख्याच चळवळीच्या पायात घातली गेली होती.

काहींच्या बाबतीत तर तो सरळसरळ वंशवाद होता. न्यूयॉर्कचे मॅडिसन ग्रँट घ्या. ब्राँक्सचं प्राणिसंग्रहालय उभारण्यात ते पुढे होते, आणि १९१८ मध्ये रेडवुडची महाकाय झाडं वाचवणारी संस्था काढणाऱ्यांपैकीही ते एक. त्याच प्राणिसंग्रहालयात १९०६ साली ओटा बेंगा नावाच्या काँगोतल्या तरुणाला माकडांच्या घरात प्रदर्शनासाठी ठेवलं गेलं. कृष्णवर्णीय धर्मोपदेशकांनी जोरदार निषेध केला, तेव्हा ते थांबलं. १९१६ मध्ये ग्रँट यांनी गोऱ्यांच्या कथित श्रेष्ठ वंशाच्या ऱ्हासावर पुस्तक लिहिलं. झाडांच्या दुर्मीळ जाती आणि हा ‘श्रेष्ठ’ वंश, दोन्ही वाचवणं हे त्यांच्या लेखी एकच काम होतं. आणि त्याच १९१६ च्या मे महिन्यात, त्याच शहरात, कोलंबिया विद्यापीठात पंचविशीतले भीमराव आंबेडकर जातिसंस्थेवरचा आपला निबंध वाचत होते. जातीचं मर्म बेटीबंदीत आहे, असं सांगत होते. एकाच शहरात एक माणूस जन्मावरून उतरंड रचत होता, आणि दुसरा अशी उतरंड कशी बनते हे उकलून दाखवत होता.

पण कृष्णवर्णीय माणसं या रानांच्या इतिहासात नव्हतीच, असं समजू नका. १९१६ मध्ये राष्ट्रीय उद्यान सेवा सुरू होण्याआधी योसेमिटी आणि सेक्वोयाची राखण लष्कर करत असे, आणि त्यात कृष्णवर्णीय पलटणींचे जवानही होते. कॅप्टन चार्ल्स यंग गुलामगिरीत जन्मलेले. १९०३ च्या उन्हाळ्यात सेक्वोया उद्यानाचा कारभार त्यांच्याकडे आला आणि त्यांच्या जवानांनी जायंट फॉरेस्टपर्यंतचा रस्ता पुरा केला. यलोस्टोनच्या कमानीची कोनशिला बसली ते हेच वर्ष! रस्ता बांधणारे ‘लोकां’त मोडत होते का? व्हर्जिनियातल्या शेनान्डोआ उद्यानात १९३९ साली लुईस माउंटन ही राहण्या-जेवण्याची वेगळी जागा कृष्णवर्णीयांसाठी उघडली गेली, तशी पाटी लावून. उद्यान केंद्र सरकारचं, म्हणजे सगळ्यांचं, तरी हा भेद पुरता संपायला १९५० साल उजाडलं. ‘सार्वजनिक’ या शब्दातली ही फट महाडच्या चवदार तळ्याचा इतिहास माहीत असलेल्या श्रोत्यांना मी वेगळी समजावून सांगायला नको.

खरं वळण आलं ते डोंगरात नव्हे, तर कचऱ्याच्या ढिगाऱ्यावर. १९७९ मध्ये ह्यूस्टन शहरात समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट बुलार्ड यांनी एका खटल्यासाठी पाहणी केली, तेव्हा महापालिकेचे पाचही कचराडेपो कृष्णवर्णीय वस्त्यांत निघाले. शहरात त्यांची लोकसंख्या होती साधारण पाव हिस्सा. मग १९८२. नॉर्थ कॅरोलायनातल्या वॉरेन काउंटीत पीसीबी या विषारी रसायनाने दूषित झालेली माती पुरायचं सरकारने ठरवलं. बहुसंख्य कृष्णवर्णीय आणि गरीब असलेला हा भाग. माणसं ट्रकपुढे रस्त्यावर आडवी झाली, पाचशेहून जास्त जणांना अटक झाली. माती तिथेच पुरली गेली, म्हणजे लढाई त्या दिवशी हरलीच. पण पुढच्याच वर्षी केंद्र सरकारच्या तपासणीत दिसलं, की आग्नेय भागातल्या अशा चार जागांपैकी तीन बहुसंख्य कृष्णवर्णीय वस्त्यांत होत्या.

१९९० मध्ये शंभराहून अधिक कार्यकर्त्यांनी मोठ्या पर्यावरण संस्थांना खरमरीत पत्र लिहून विचारलं, तुमच्या कार्यालयांत आम्ही कुठे आहोत? १९९१ च्या ऑक्टोबरात वॉशिंग्टनला कृष्णवर्णीय, मूलनिवासी, लॅटिनो आणि आशियाई कार्यकर्त्यांची परिषद भरली आणि तिने सतरा तत्त्वं मांडली. या मंडळींनी व्याख्याच बदलली. पर्यावरण म्हणजे दूरचं शिखर नव्हे, तर आपण जिथे राहतो, काम करतो, खेळतो ती जागा. १९९४ मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी पर्यावरणीय न्यायाचा आदेश काढला. जानेवारी २०२५ मध्ये तो रद्द झाला. आदेशाने मिळालेलं आदेशाने जातं, हेही इतिहासच शिकवतो.

२०१४ मध्ये अभ्यासक डॉर्सेटा टेलर यांना दिसलं, की पर्यावरण संस्थांमधल्या कर्मचाऱ्यांत वांशिक अल्पसंख्याकांचं प्रमाण सोळा टक्क्यांच्या वर जात नाही. २०२० मध्ये सिएरा क्लबने म्यूर यांच्या वारशाबद्दल जाहीर खेद व्यक्त केला. त्यावर मतभेदही झाले, आणि क्लबचे पहिले कृष्णवर्णीय अध्यक्ष एरन मेअर हे म्यूर यांची बाजू घेणाऱ्यांत होते. असे मतभेद जरूर व्हावेत.

मला मात्र वाटतं, पुतळ्यापेक्षा व्याख्येवर वाद घालणं जास्त गरजेचं आहे. चार नव्या चेहऱ्यांना ट्रेकला बोलावलं, माहितीपत्रकावर त्यांचे फोटो छापले, म्हणजे समावेश झाला असं नाही. रान कोणी राखलं, त्याबद्दल निर्णय कोण घेतं आणि शहराची घाण कोणाच्या दारात जाते, या तीन प्रश्नांची उत्तरं बदलली, तरच ‘लोक’ या शब्दाचा अर्थ बदलतो. योसेमिटीत आता मूलनिवासींच्या सहभागाने कुरणांना पुन्हा आटोक्यातली आग दिली जाते. त्या माणसांच्या ज्ञानाची गरज ओकच्या झाडांनाही होती, हे कळायला दीडशे वर्षं लागली.