ब्रेमेनमधलं लाल वेड

सप्टेंबरातली संध्याकाळ आहे. १९२० चं दशक नुकतं सुरू झालंय आणि उत्तर जर्मनीतल्या ब्रेमेन शहरात, दगडी फरशीच्या एका गल्लीतून तुम्ही चालला आहात. वरच्या उघड्या खिडकीतून नाइटिंगेल गाऊ लागतो आणि तुमची पावलं थबकतात. कारण या दिवसांत हे गाणं कानी पडायलाच नको. नाइटिंगेल उन्हाळ्याच्या सुरुवातीलाच गप्प होतो आणि सप्टेंबरात तर तो आफ्रिकेच्या वाटेला लागलेला असतो. तुमच्यापुढे आणखी एक गृहस्थ मान वर करून उभे आहेत. हे हान्स डुंकर, प्राणिशास्त्रातले डॉक्टर, पेशाने शाळामास्तर. ते दार ठोठावतात. त्यांच्यामागून तुम्हीही जिना चढा.

वर दाण्याच्या फोलांचा आणि जुन्या लाकडाचा वास भरलेला आहे. भिंतीभर लहान लहान पिंजरे. नाइटिंगेलचं गाणं गातंय ते पाखरू पाहा: ती कॅनरी आहे! घराचे मालक कार्ल राइश दुकानदार आहेत, पण पाखरांच्या जगात त्यांचं नाव मोठं. त्यांच्या पाळीव नाइटिंगेलचं गाणं १९१० च्या सुमारास ग्रामोफोनच्या तबकडीवर आलंय. त्यांच्या कॅनऱ्या हार्ट्झ डोंगरातल्या ‘रोलर’ जातीच्या. खाणकामगारांच्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या जोपासलेली ही जात चोच जवळजवळ मिटून, खालच्या पट्टीत, गळ्यातल्या गळ्यात गाते. कॅनरीची पिल्लं गाणं शिकू लागतात तोवर नाइटिंगेल गप्प झालेला असतो, ही खरी अडचण. राइश यांनी नाइटिंगेलच्या वाट्याचा उजेड कमी-जास्त करून त्याचा ऋतूच पुढे ढकलला, आणि पिल्लांना उस्ताद मिळाला. पुढच्या पिढ्या मग आपल्याच वाडवडिलांकडून ऐकून शिकल्या. या हिकमतीपुढे मी आजही हात जोडतो, जरी पाखराला अंधारात ठेवणं मला सोसवत नाही.

डुंकर मात्र वेगळंच विचारतायत: यातलं रक्तातून किती आलं आणि कानातून किती? त्या प्रश्नातून दोघांची जोडी जमते. गाण्यावरून त्यांचं लक्ष रंगाकडे वळतं.

आता काही वर्षं पुढे चला. ब्रेमेनमधले श्रीमंत व्यापारी क्रेमर यांनी डुंकरना प्रयोगासाठी मोठं पक्षिगृह दिलं आहे. जाळीला नाक लावा. आत एक इवलासा फिंच फांदीवरून फांदीवर उडतोय. दहा सेंटिमीटर लांबीचा, डोकं काळं कुळकुळीत, अंग शेंदरी लाल. हा व्हेनेझुएलाचा लाल सिस्किन, आणि शेजारच्या कप्प्यात पिवळ्याधमक कॅनरी माद्या. सिस्किनचा लाल रंग कॅनरीत उतरवायचा, असा डुंकर यांचा बेत आहे.

इथे जरा रेंगाळा, कारण पाळणाऱ्याची खरी कसोटी इथे लागते. मादी रोज सकाळी एक अंडं घालते. ते हलक्या हाताने काढून जागी खोटं अंडं ठेवायचं आणि सगळी घालून झाली की खरी परत द्यायची. म्हणजे पिल्लं एकाच दिवशी बाहेर येतात आणि मागाहून आलेलं धाकटं पिल्लू चेंगरत नाही. तेरा-चौदा दिवसांनी पिल्लं फुटतात. मग उकडलेल्या अंड्याचा चुरा दिवसातून अनेकदा ताजा द्यायचा, आंबला की पिल्लू गेलंच. सिस्किन नर आणि कॅनरी मादीच्या या संकरित पिल्लांना पिसं येतात तेव्हा नर तांब्याच्या रंगाचे निघतात. संकरित माद्या वांझ असतात, म्हणून हे नर पुन्हा कॅनरी माद्यांना लावायचे, त्यांची पिल्लं पुन्हा कॅनरीला. डुंकर प्रत्येक पाखराची वंशावळ लिहीत जातात. पिढ्यांमागून पिढ्या जातात आणि रंग नारिंगीवर येऊन अडतो. लाल काही होत नाही.

तुम्ही आजचे आहात, तेव्हा दाण्याच्या वाटीकडे बघा. उत्तराचा अर्धा भाग तिथे आहे. कॅनरीला किंवा सिस्किनला पिवळा-लाल रंग अंगात मुळापासून तयार करता येत नाही. त्यासाठीची कॅरोटिनॉइड रंगद्रव्यं अन्नातूनच यावी लागतात, आणि पिसं झडून नवी उगवत असतात तेवढ्याच आठवड्यांत ती पिसात उतरतात. सिस्किनकडून कॅनरीला मिळाली ती पिवळ्याचं लाल करण्याची शक्ती. त्यामागचं जनुक २०१६ मध्ये सापडलं. पण वाटीत कच्चा मालच अपुरा असेल तर ती शक्ती करणार काय? इंग्लंडमधले हौशी लोक १८७० च्या दशकातच लाल मिरची चारून कॅनऱ्या नारिंगी करत होते, म्हणजे धागा हाताशी होता. डुंकरना तो उचलावासा वाटला नाही, कारण सगळं काही रक्तात असतं यावर त्यांची श्रद्धा होती. हीच श्रद्धा त्यांनी माणसांनाही लावली आणि वंशशुद्धीच्या विचाराचा प्रचार केला. त्यांच्या कामातली सुंदर बाजू सांगताना ही बाजू झाकणं मला अप्रामाणिक वाटतं. योग्य खुराक मिळाल्यावर खरोखर लाल कॅनऱ्या दिसल्या, पण त्या पुढच्या काळात आणि दुसऱ्यांच्या हातून.

अजून एक मुक्काम करा, अटलांटिकपार, उत्तर व्हेनेझुएलाच्या कोरड्या डोंगरउतारावर. लाल कॅनरीचं वेड जगभर पसरलंय. कधीकाळी इथे थव्यांनी उडणारा सिस्किन, इथल्या लोकांचा ‘कार्देनालितो’, आता शोधावा लागतो. प्रत्येक नव्या पाळणाऱ्याला सिस्किनचा नर हवा होता आणि हे नर इथल्या रानातून पकडून नेले गेले. वर जंगलं तुटत गेली. कायद्याने बंदी आली, आंतरराष्ट्रीय व्यापार बंद झाला, तरी चोरटी पकड संपली नाही. देशाच्या शंभर बोलिव्हारच्या नोटेवर हा पक्षी छापला गेला, पण रानात तो आज संकटग्रस्त आहे. २००० साली दूर दक्षिण गयानात त्याची एक अज्ञात वस्ती सापडली, तेव्हा पक्षिमित्रांना केवढा हुरूप आला!

मुंबई-पुण्यातल्या एखाद्या गॅलरीतल्या पिंजऱ्यात तुम्ही लाल कॅनरी पाहाल, तर तिच्या अंगावरचा रंग याच उतारावरून आलेला आहे. आपल्याकडची लाल मुनिया पाळायला १९७२ च्या वन्यजीव कायद्याने मनाई आहे आणि मला ते योग्यच वाटतं. सिस्किन पाळायचाच असेल तर कागदपत्रं बघा आणि पायातली सलग, न उघडणारी कडी बघा. ती पिल्लू काही दिवसांचं असतानाच चढते, नंतर पंजा मोठा झाला की चढत नाही. म्हणून पाखरू पिंजऱ्यातच जन्मलं, याचा तो भरवशाचा पुरावा.

आणि पाळणाऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या कमावलेली ही सगळी जाण, अंडी कधी बदलायची, पिल्लांना काय भरवायचं, कोणती जोडी जुळते, आज व्हेनेझुएलात सिस्किनच्याच कामी येते आहे. तिथे संवर्धनासाठी त्यांची पैदास केली जाते, आणि सावलीत कॉफी पिकवणाऱ्या शेतकऱ्यांशी बोलून त्यांच्या मळ्यांतली झाडं राखली जातायत, म्हणजे सोडलेल्या पाखरांना उतरायला जागा राहील.